पाहुण्या गाईचं सुतक

रोपवेचा वरचा थांबा: येथून सात शिखरं दिसतात

सहा दिसतात. सातवं कायम ढगात असतं, आणि तसंही ते पलीकडच्या खोऱ्याचं आहे. पण पत्रकात सात छापलंय, म्हणून माइकवर मी सात म्हणतो. पाहुणे मोजतात, सहावर अडतात, पुन्हा मोजतात आणि स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेऊन पाळण्यात परत बसतात.

वेंडलबाख हे स्कीचं गाव. डिसेंबर ते एप्रिल आम्ही देखणे असतो. मेमध्ये बर्फ उतरतो आणि आमचं खरं अंग उघडं पडतं: उतारांवर ओरखडे, गवतात मान टाकून उभ्या बर्फ फेकणाऱ्या तोफा, वाऱ्यावर रिकामे हलणारे पाळणे, आणि प्रत्येक बाल्कनीत जिरॅनियमची इतकी लाल फुलं की गावाला गोवर आलाय असं वाटावं.

पर्यटन समितीचा अध्यक्ष एगॉन फाल्कनर याला उन्हाळा हा स्वतःचा अपमान वाटतो. बर्फ नाही तर नाही, माणूस हार मानत नाही. त्याने तीन मजली लाकडी मार्मोट, म्हणजे आमच्याकडची बिळात राहणारी गलेलठ्ठ खार, बांधला. त्याच्या तोंडातून आत शिरायचं आणि मागून घसरगुंडीने बाहेर पडायचं. त्याने 'ऊर्जाशिळा' शोधली. तिच्यावर बसलं की अंगात बळ येतं. लहानपणी आम्ही सगळे त्याच शिळेच्या आडोशाला लघवीला जायचो, त्यामुळे तिच्यात काहीतरी आहे हे मला मान्य आहे. त्याने 'शांततेची वाट' काढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाखरांच्या आवाजाचे स्पीकर लावले. खरी पाखरं त्या दिवसापासून दुसऱ्या रानात राहायला गेली.

मी रोमेड. रोपवेवर जो आवाज ऐकू येतो तो माझा. हिवाळ्यात 'पाय आत घ्या' म्हणतो, उन्हाळ्यात 'डावीकडे पाहा' म्हणतो.

*"शिखरं सहाच आहेत. मार्मोट मात्र छान. चार तारे."*

बुर्गीचं कुरण: खऱ्या गायी, खरं गवत

रोपवे संपतो तिथून थोडं वर चढलं की माझी आत्या भेटते. नॉटबुर्गा क्लोत्झ. सगळे बुर्गी म्हणतात. जूनमध्ये गायी घेऊन वर जाते, दूध काढते, चीज करते, सप्टेंबरात खाली येते. कुरण गावाच्या मालकीचं. दर वर्षी नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला, पुढच्या उन्हाळ्याचा करार होतो. गेली कित्येक वर्षं तो आत्याशीच होतो, कारण पहाटे उठून दूध काढण्याची हौस दुसऱ्या कोणाला नाही. आत्याचा नवरा गेला, मूल नाही. विचारलं तर म्हणते, "मला खाली करमत नाही. खाली नुसती माणसं."

तिच्या स्वतःच्या गायी थोड्या. बाकीच्या पाहुण्या. खालच्या सपाट खोऱ्यातले शेतकरी आपली जनावरं उन्हाळ्यापुरती वर पाठवतात: थंड हवा, गोड गवत, हवापालट. म्हणजे शहरातली माणसं आमच्याकडे ज्यासाठी येतात त्यासाठीच. फरक एवढाच की गायी सहा शिखरांवर समाधानी असतात.

गावात शिरताना मोठी पाटी आहे: 'पाहुणा येतो, घरचा होऊन जातो.' एगॉनने लिहिलीय. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गरुडझेप: आता नव्या, अधिक लांब तारेवर!

ही एगॉनची सर्वांत लाडकी कल्पना. माणसाला पट्ट्यांत बांधायचं, तारेला अडकवायचं, आणि वरच्या कड्यावरून दरीपर्यंत सोडून द्यायचं. माणूस किंचाळत जातो. किंचाळला नाही तर पैसे वाया गेले असं त्याला वाटतं, म्हणून मनापासून किंचाळतो. तार जाते आत्याच्या कुरणावरून.

आत्या म्हणाली होती, "एगॉन, तार जरा पलीकडून ने."

एगॉन म्हणाला होता, "पलीकडे दृश्य नाही."

जुलैत एक दणकट गृहस्थ झेपावला. त्याने जी आरोळी ठोकली ती खाली तिकीटखिडकीत मला ऐकू आली. कुरणावर मिन्का चरत होती. कासिअन नावाच्या खालच्या शेतकऱ्याची तरणी गाय, डोंगरावर पहिल्यांदाच आलेली. सपाटीवरच्या गाईला आभाळातून माणूस पडताना पाहायची सवय नसते. ती उधळली. गवत संपलं तिथे घळ होती.

मेलेलं जनावर घळीतून वर काढायला आमच्याकडे हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. दोर बांधतात आणि उचलतात. भर दुपारी, पाळणे चालू असताना, मिन्का चारी पाय वर करून सहाही शिखरांसमोरून संथपणे गेली.

पाळण्यांतून टाळ्या पडल्या. एगॉनचा फोन आला. "माइकवर सांग, गाईला डॉक्टरांकडे नेतायत."

मी सांगितलं.

"अशी उलटी?" एका हॉलंडच्या बाईने खिडकीशी येऊन विचारलं.

"आजारी आहे ना," मी म्हणालो.

*"उडती गाय!!! रोज किती वाजता असते? पाच तारे."*

उतरण: उन्हाळ्याचा शेवट आमच्यासोबत साजरा करा

आता नियम सांगतो, तो छोटा आहे. उन्हाळा सुखरूप पार पडला तर सप्टेंबरात गायी नटून खाली येतात. कपाळावर मुकुट: देवदाराची डहाळी, कागदी फुलं, मधोमध आरसा, म्हणजे वाईट नजर स्वतःचंच तोंड पाहून परत फिरते. गळ्यात मोठ्या घंटा. सगळं खोरं दणाणतं. पण कुरणावर एखादं जनावर दगावलं असेल तर मुकुट नाही, आणि घंटांमध्ये गवत कोंबायचं. गायी मुक्या उतरतात. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लिहावं लागलं नाही.

उतरण हा एगॉनच्या उन्हाळ्याचा एकमेव दिवस. जर्मनीहून बसगाड्या येतात, तंबू लागतात, बँड वाजतो, सॉसेज भाजली जातात. मिन्का उडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो वर गेला. मीही गेलो, दुधाचे रिकामे कॅन पोहोचवायला.

आमच्या डोंगरात आणखी एक रीत आहे. हजार मीटरच्या वर कोणी कोणाला अहो-जाहो करत नाही. रोपवेच्या पहिल्या खांबापाशी ती रेषा येते. खाली एगॉन 'अध्यक्षसाहेब', खांब ओलांडला की 'अरे एगॉन'. म्हणून तो वर जायचं टाळतो.

आत्या चुलीवर मोठ्या तांब्याच्या कढईत दूध ढवळत होती.

"बुर्गी, एक पेला ताक देतेस?" एगॉन बाकावर बसला.

"ताकाला आलास तर भांडं कशाला लपवतोस? बोल."

"वाईट झालं ग मिन्काचं."

"हं."

"मी काय म्हणतो... ती आपली नव्हती ना?"

"पाहुणी होती."

"तेच तर. पाहुण्या गाईचं सुतक पाळतात असं माझ्या तरी ऐकण्यात नाही. नियम आपल्या गायींचा. पाहुणी ती पाहुणी. तिच्या घरचे काय ते बघतील."

आत्याने ढवळणं थांबवलं नाही. "एगॉन, तुझ्या हॉटेलात सुट्टीला आलेलं माणूस मेलं, तर त्या संध्याकाळी बँड लावशील?"

"लावतो ना!" एगॉनला प्रश्नच कळला नाही. "गेल्या फेब्रुवारीत लावला. लोकांनी आधीच जागा राखून ठेवल्या होत्या."

मी कॅन खाली ठेवले. 

"मुकुट लागणार नाहीत," आत्या म्हणाली. "घंटा वाजणार नाही. माझ्या राखणीत होती ती."

"बुर्गी, सेंट मार्टिनला करार आहे."

"ठाऊक आहे."

"समितीत मी आहे."

"तेही ठाऊक आहे. ताक पी. गरम होतंय."

त्याने ताक प्यायलं. उतरताना खांब ओलांडल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "रोमेड, तुमच्या आत्याबाईंना समजवा." रेषा ओलांडली होती. मी मान डोलावली, आणि 'हो साहेब' म्हणालो.

उन्हाळ्यातला बर्फ: हात लावून पाहा!

स्टेडियमच्या मागे भुशाचा एक भलामोठा ढिगारा आहे. त्याच्याखाली गेल्या हिवाळ्यातला बर्फ झाकून ठेवलेला असतो, येत्या हिवाळ्यात पहिले उतार सजवायला. भुशाला एक खिडकी ठेवलीय. तिच्यातून हात घालून पाहुणे आत काय आहे ते चाचपतात आणि 'गार आहे!' असं ओरडतात. आम्ही मेलेला बर्फसुद्धा इतका जपतो, हे माझं वाक्य पत्रकातून काढून टाकण्यात आलं.

समितीची बैठक तिथेच सावलीत भरली. विषय एकच: पाहुण्या गाईचं सुतक लागतं का.

हॉटेल 'हिमगौरी'चा मालक म्हणाला, "पाहुणी म्हणता, पण पाहुणी तरी होती का? पाहुणा म्हणजे जो मुक्कामाचा कर भरतो. मिन्काने भरला?"

"नाही."

"मग पाहुणी नाही."

"गावची?"

"गावचीही नाही."

"मग होती कोण?"

"जाणारी-येणारी," एगॉन म्हणाला. "जाणाऱ्या-येणाऱ्याचं सुतक लागत नाही. एकमताने मंजूर?"

एकमताने मंजूर झालं. बँडचा म्हातारा म्होरक्या तेवढा हात वर न करता खिडकीतून बर्फ चाचपत राहिला. गार आहे का, कोणी विचारलं नाही.

आकर्षणांचं आकर्षण

उतरणीच्या सकाळी एगॉनने मुकुट वर पाठवले. प्लास्टिकचे, पाऊस लागला तरी रंग न जाणारे. एकेका पाळण्यात एकेक मुकुट आसनावर टेकवून, पट्टा लावून. ते ऐटीत चालले होते. उन्हाळ्यात इतके भरलेले पाळणे मी पहिल्यांदाच पाहिले. सोबत चिठ्ठीबिठ्ठी नव्हती. आत्याला सगळं समजत होतं.

खाली तंबू भरले. कापून-कुस्करून साखर भुरभुरलेली गरम धिरडी, धुरावलेलं मांस, बिअर. कठड्याशी माणसांची भिंत. कासिअनही आला होता, आपल्या उरलेल्या गायी न्यायला. तो कठड्याच्या शेवटी, घट्ट हात बांधून उभा. एगॉनने माझ्या हातात कागद दिला: 'ऐका! लांबून येणारा घंटांचा नाद...'

मी माइक उघडला आणि ऐकलं. नाद नव्हता.

आधी दिसल्या तोफा. उताराच्या दोन्ही कडांना गवतात उभ्या असलेल्या बर्फाच्या तोफा, एकूण एक, मुकुट घातलेल्या. प्लास्टिकची फुलं, रिबिनी, मधोमध आरसा. उन्हात नुसत्या चमकत होत्या. पाहुण्यांना वाटलं रीतच आहे. फोटो सुरू झाले. एक बाप मुलीला सांगत होता, "बघ, हे लोक आपल्या यंत्रांनाही देव मानतात."

मग त्या दोन ओळींमधून गायी आल्या. पुढे झेन्झी, आत्याची म्हातारी, सगळ्यांची म्होरकी. कपाळ रिकामं. घंटा होती, पण आत गवत. ती छातीवर हलायची आणि काही बोलायची नाही. मागे बाकीच्या. सगळ्यांच्या मागे आत्या, काळ्या फितीच्या टोपीत, हातात काठी.

बँडच्या म्होरक्याने तुतारी ओठांना लावलेली होती. त्याने ती खाली घेतली. टोपी काढली. त्याच्या मागे सगळ्यांनी काढल्या. सॉसेज भाजणाऱ्या माणसाने चिमटा खाली ठेवला. पाहुणे कोणाला काही न विचारता गप्प झाले. कशासाठी हे त्यांना माहीत नव्हतं, पण गप्प बसायचं असतं हे माणसाला आपोआप कळतं. एक कुत्रंसुद्धा भुंकेना.

"बोल काहीतरी!" एगॉन माझ्या कानाशी फुसफुसला.

मी माइक उघडाच ठेवला. त्यातून खुरांचा आवाज सगळ्या खोऱ्यात गेला. खुरं, श्वास, शेपटीचा एखादा फटकारा. दुसरं काही नाही.

कासिअन कठड्याखालून आत आला आणि आत्यासमोर उभा राहिला.

"माझ्या मिन्कासाठी?" त्याने विचारलं.

"मग कोणासाठी?" आत्या म्हणाली. "चल, तुझ्या कुठल्या त्या सांग. ही तपकिरी आडदांड आहे, तिला दोर लाव."

पाहुण्यांचे अभिप्राय

*"आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकू आलंच नाही. पाच तारे."*

*"मी रडले. का ते अजून कळलं नाही. पाच तारे."*

*"खरं, अस्सल, जुनं. शेजारच्या खोऱ्यात नुसता गोंगाट असतो. पाच तारे. शौचालयं कमी."*

एगॉनने हे सगळे अभिप्राय छापून समितीच्या खोलीत भिंतीवर लावले. सेंट मार्टिनच्या दिवशी आत्या करारासाठी गेली तेव्हा ती जुने बूट घालून, निरोप घ्यायच्या तयारीने गेली होती. मी बरोबर होतो. एगॉन दारापर्यंत आला, तिचा कोट स्वतःच्या हाताने खुंटीला लावला.

"अहो बुर्गीबाई, बसा, बसा! काय दिवस होता तो! माझं चुकलंच. तुम्ही होतात म्हणून." त्याने कागद पुढे सरकवला. "कुरण तुमचंच. फक्त एक छोटीशी अट. पुढच्या वर्षीही अश्शीच उतरायचं. मूक उतरण. नाव ठरलंय. तिकीट लावतोय."

आत्याने चष्मा काढला. "आणि पुढच्या वर्षी कोणी मेलं नाही तर?"

"अहो, ते काय आपल्या हातात आहे का?"

"नाही. म्हणून तर विचारते."

एगॉन हसला. "कुरण मोठं आहे, बुर्गीबाई. उन्हाळा लांब असतो. आशा ठेवू."

आत्याने सही केली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आत्या, अट वाचलीस ना?"

"वाचली."

"मग?"

"अट सप्टेंबरात आहे. कुरण जूनपासून आहे. उन्हाळा तर घेऊ."

नवीन! बुर्गीच्या कुरणावर साप्ताहिक आरोग्यभेट

हे पत्रकात नव्हतं, पण घडायचं. पुढच्या उन्हाळ्यात दर आठवड्याला एगॉन वर यायचा. हजार मीटरची रेषा ओलांडायचा त्याला आता त्रास होईना.

"कसं काय सगळ्यांचं, बुर्गी?"

"जिवंत आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"ती लंगडतेय का ग?"

"ती नाचतेय."

श्रीमंत काकाच्या उशाशी बसून पुतण्या ज्या आवाजात 'वय काय झालं हो आता?' विचारतो, त्या आवाजात तो झेन्झीबद्दल विचारायचा. जुलैत झेन्झीला खोकला झाला. दुसऱ्या दिवशी समितीतले दोघे सहज म्हणून फिरायला वर आले. आत्याने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं, रात्रंदिवस तिच्या अंगावर घोंगड्या टाकल्या, लसूण चारला. आठवड्याने झेन्झीने एगॉनची टोपी खाल्ली.

"बरी झाली," एगॉन म्हणाला. एवढं दुःखी 'बरी झाली' मी कधी ऐकलं नव्हतं.

गरुडझेपेच्या वेळा वाढवल्या. काही उपयोग नाही. या वर्षीच्या पाहुण्या गायींना आत्याने जूनमध्येच तारेखाली बांधून ठेवलं होतं. वरून माणूस किंचाळत गेला की त्या मान वर करायच्या, बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या. त्यात कासिअनची एक होती, मिन्काची धाकटी बहीण. ती तर किंचाळी लहान वाटली की नाराज व्हायची.

आणि घळीच्या कडेला आत्याने स्वतः लाकडी कुंपण घातलं. कुंपणामुळे दृश्य खराब होतं असं समितीचं पत्र आलं. आत्याने त्यावर चीज ठेवून मला जेवायला वाढलं.

ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा झोपडीत पाय ठेवायला जागा नव्हती. देवदाराच्या डहाळ्या, लाल-पिवळा कागद, खळ, आरसे. आत्या फुलं करत बसली होती.

"आत्या, हे काय करतेस?"

"डोळे फुटलेत का तुझे?"

"कुरण जाईल."

"जाईल."

"एक दिवस गप्प उतरलीस तर काय बिघडतं? गवत तर कोंबायचंय नुसतं."

तिने कागदाची पाकळी अंगठ्याने वळवली. "गेल्या वर्षी तो म्हणत होता, मेली आहे तर मेली नाही म्हण. यंदा म्हणतोय, मेली नाही तर मेली म्हण. रोमेड, गाईंना नाही रे कळत, पण मला कळतं ना? उद्या खरंच एखादी गेली, तर मी काय करू? अजून जास्त गप्प बसू?" तिने आरसा माझ्यापुढे धरला. "हा पूस. तुझ्या तोंडाचे डाग पडलेत."

मूक उतरण: एक अविस्मरणीय शोकानुभव

तिकिटं संपली. कठड्याशी पायऱ्यापायऱ्यांची लाकडी आसनं घातली. पाहुण्यांच्या चालण्याचा आवाज होऊ नये म्हणून प्रवेशद्वाराशी लोकरी सपाता वाटल्या. काळ्या फिती विकायला होत्या, साध्या आणि भरतकामाच्या. बिअरचे पेले कागदी. बँडला टोप्या काढायची तालीम दिली होती. बँडचा म्हातारा म्होरक्या तालमीला आलाच नाही.

माझ्या हातात कागद: 'आता कृपया शांतता. कुरण आज रडत आहे.'

लोक सपाता घालून बसले होते. हजारभर माणसं नुसती श्वास घेत होती. एगॉन काळ्या सुटात, हात पुढे जोडून.

आणि वरून, पार जंगलाच्या कडेवरून, एक ठोका आला. मग दुसरा. मग सगळा डोंगर कोणी भांड्यांच्या फडताळासकट खाली लोटून द्यावा तसा घंटांचा लोंढा.

"हे काय आहे?" एगॉनने मला विचारलं.

"घंटा, साहेब."

झेन्झी वळणावर आली. तिच्या डोक्यावर इतका मोठा मुकुट होता की आधी मुकुट आला, मग झेन्झी आली. मागून सगळ्या, एकेक, नटलेल्या. कासिअनची ती धाकटी शेजारणीच्या मुकुटातली पिवळी फुलं चालता चालता खात होती. कुत्र्याच्यासुद्धा कपाळावर छोटा आरसा. आत्याने लाल फितीची टोपी घातली होती आणि ती कठड्याशी आली तेव्हा घाम पुसत हसत होती.

आसनांवरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. काहींनी फिती चाचपल्या. कोणीतरी 'श्श' केलं, गायींना.

"बुर्गीबाई," एगॉन दातांतून म्हणाला, "करार गेला तुमचा."

"गेला हो, अध्यक्षसाहेब," आत्या म्हणाली. तिने झेन्झीच्या मानेवर थाप मारली. "पण मोजून घ्या. सगळ्या आल्यात."

"रोमेड! काहीतरी सांग लोकांना! कारण सांग!"

माइक उघडाच होता. मी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. लोक माझ्याकडे बघत होते. त्यांनी दुःखाचे पैसे मोजले होते आणि त्यांना खुलासा हवा होता.

"मंडळी," मी म्हणालो, "माफ करा. यंदा कोणी मेलं नाही."

बँडच्या म्हाताऱ्याने गर्दीतून तुतारी काढली.

*"जाहिरातीत शोक होता. प्रत्यक्षात गायी आनंदी. उघड फसवणूक. एक तारा. सपाता ठेवून घेतल्या."*

सेंट मार्टिनला कुरण एगॉनच्या मेहुण्याला मिळालं. त्याच्याकडे चार गायी आहेत. चौघी धडधाकट. त्याने सही करताना अट वाचली आणि म्हणाला, "त्याचं बघू." कुंपण पहिल्याच आठवड्यात निघालं, दृश्यासाठी.

आत्या आता खाली राहते, चर्चमागच्या गोठ्याशेजारी, झेन्झीसोबत. जूनमध्ये मेहुणा आपल्या चार गायी घेऊन तिच्या दारावरून वर निघाला तेव्हा मी तिच्याकडे कॉफी पीत होतो. ती दारात गेली. मेहुण्याकडे तिने पाहिलंच नाही. चौघींपैकी पहिलीचा कान धरला, वाकली, आणि म्हणाली:

"गवत संपलं की थांबायचं हं, बाई."